तेराव्या महिन्याचं घर

मुहर्रकमध्ये, मोत्यांच्या कुणा व्यापाऱ्याच्या जुन्या घरात
माझं काम एवढंच:
सुई पन्नासच्या वर जाऊ द्यायची नाही,
पंचेचाळीसच्या खाली येऊ द्यायची नाही.
बाहेर हवेतच समुद्र असतो, चष्मा दारात आंधळा होतो.
आत काचेखाली सातशे वर्षांचं वासराचं कातडं.
त्याला इथली हवा मानवत नाही.

उजेडही मोजून,
आजाऱ्याला पेज द्यावी तसा.
म्हणून तीन महिन्यांतून एकदा, सोमवारी, दारं लावून
नूफ पान उलटते.
हातमोजे नाहीत. धुतलेले, कोरडे हात.
मी टॉर्च धरतो
आणि श्वास बाजूला सोडतो.

आमच्या खोलीत त्यामुळे एक महिना तीन महिने चालतो.
ऐन जूनमध्ये लागला तेवेत:
पक्ष्याच्या डोक्याचा एक माणूस, बूट काढून,
शेकोटीला तळपाय शेकत बसलेला.
रस्त्यावर डांबर चपलेला चिकटत होतं
आणि शाळेची पोरं त्याच्याकडे बघून
स्वतःचे हात चोळत होती.

मग शेवात. रास कुंभ.
पण कुंभ नाही, कुंभ धरणाराही नाही,
नुसता पोहरा, लाल दोराचा.
विहिरीच्या काठावर एक करडू;
त्याची रास मागच्याच पानावर संपली,
तरी पाण्यासाठी रेंगाळलेलं.
चित्रावर लिहिलंय दली.
नूफ वाचते दल्व.
मी मनात शेंदून घेतो: पोहरा.

झिराडकर आला तेव्हा रमजान चालू होता, थंडीतला.
नूफच्या आजीनं तो भर उन्हाळ्यातही धरलेला;
त्यांच्या महिन्याला दावं नाही,
सगळे ऋतू चरून येतो.

हानोख झिराडकर. गोदीत वेल्डर, एकतीस वर्षं.
परवा कायमचा परत चाललेला.
काचेपासून वीतभर लांब बोट धरून
उजवीकडून डावीकडे एकेक अक्षर लावत गेला,
आणि अर्थ मात्र मराठीत सांगत होता.
"आदार. हे दोन मासे बघा, तोंडात एकच दोरी.
आई पुरीमला होळीचा सण म्हणायची.
आणि तो मोठा उपास, दारं लावून घ्यायचा,
तो दारफळणीचा."

माशांच्या खाली एक वर्तुळ होतं.
रंग नाही, अक्षर नाही,
मधोमध कंपासच्या टोकाचं भोक.
मला वाटायचं, चितारी मेला असेल.
"दुसरा आदार," तो म्हणाला. "जास्तीचा.
एकोणीस वर्षांत सातदा येतो. याला रास कुठली?"

आमचा धोंडाही असाच, मी म्हटलं,
सूर्य त्यात रास ओलांडत नाही.
"किती वर्षांनी येतो?"
एकोणीस वर्षांत सातदा.
मग आम्ही दोघे उभ्या उभ्या
अंगठ्यानं पेरं मोजायला लागलो,
सुरक्षारक्षक बघत राहिला.

"म्हणजे एकतिसात माझे अकरा," झिराडकर म्हणाला.
"बारा धरा.
अख्खं एक वर्ष, राशीच नसलेलं.
ते मी कुठं होतो?"
आणि हसला. "दुष्काळात तेरावा म्हणतात, पण साहेब,
पगार काही तेरावा झाला नाही."

माझ्या करारात चोवीस महिने आहेत.
अधिक धरून की सोडून,
सही करताना कोण विचारतं?

सोमवारी नूफ हात धुऊन आली.
पुढे निसान, कोकराचं पान.
मी म्हटलं, थांब जरा,
आणि टॉर्च आडवी धरली, कातड्याला जवळजवळ टेकवून.
कोऱ्या घरात बिनशाईचा एक ओरखडा उठला:
दाराची चौकट असेल,
किंवा वासराच्या मानेवरची सुरकुती.

"टॉर्च बंद," नूफ म्हणाली,
"याचा या वर्षाचा उजेड संपला."