लँकेशायर सोडून कुठेही

सकाळी सव्वासहाला, हडर्सफील्डच्या उतारावर,
गाडी सुरू होताना तीन सेकंद
डब्यात सुपाऱ्या हलवल्यासारखा आवाज करते.
तीनच. मग शहाण्यासारखी गप्प.
दोन महिने मी स्वतःला सांगितलं, थंडी आहे.

"टायमिंग चेन," बेव्हर्ली म्हणाली,
बॉनेट न उघडताच,
भिंतीला कान लावून शेजारचं भांडण ऐकावं
तशी मान तिरकी करून.

मग गाडी लिफ्टवर चढली
आणि मी तिच्या पोटाखाली उभी राहिले.
दिवसभर मी लोकांच्या हाडांचे फोटो काढते
इन्फर्मरीतल्या बिनखिडकीच्या खोलीत,
श्वास घ्या, धरा, सोडा.
तरी मागची डावी स्प्रिंग मला दिसली नाही.
तिनं बॅटरी मारली:
खालचं वेटोळं तुटून वाटीत टेकलेलं,
कडेला गंज. म्हणजे मोड जुनी.
हे ओळखते मी. माणसं यावर महिनोन्‌महिने चालतात
आणि म्हणतात, जरा मुरगळलंय.

वीजबिलाच्या पाकिटामागे तिनं आकडे मांडले.
स्प्रिंग, जोडीनंच बदलायची, एकशे ऐंशी पाऊंड.
व्हील बेअरिंग, साठच्या वर गेलं की गुणगुणतं ना, ते,
दोनशे दहा.
चेन...
इथे पेन कानावर गेलं, पुन्हा खाली आलं.
बाराशे. "इंजिन उतरवावं लागलं तर मला विचारू नकोस."
सनरूफच्या नळ्या तुंबून कार्पेट भिजलंय,
ते ती फुकट करणार होती,
गवत कापायच्या यंत्राची दोरी आत सारून.

कार्पेट उचललं तर खाली
एक लोकरीचा मोजा, कुत्र्याचे पांढरे केस,
आणि हॅलिफॅक्सच्या दंतवैद्याचं कार्ड:
मंगळवार, तीन वीस.
माझ्याआधी तीन मालक, एवढंच कागद सांगतो.
गेलं असेल का कुणी?

"आणि हा पिवळा दिवा?"
बेव्हर्लीनं हात पुसले. "हिला नेतेस कुठे?"
हॉस्पिटल. लिडल. घर.
"किती मैल?"
दीड. परत दीड.
"मग तेच. डिझेल आहे ही, पोरी.
काजळी जळायला गाडी तापायला लागते.
तू तापायच्या आत तिला झोपवतेस.
नवा फिल्टर तेराशे.
त्याआधी मोटरवेवर ने, अर्धा तास, चौथ्या गिअरमध्ये,
मध्ये थांबू नकोस."
कुठे जाऊ?
"मला काय विचारतेस? लँकेशायर सोडून कुठेही."

गाडी घेतली होती अडीच हजाराला.
आई फोनवर म्हणाली, नाकापेक्षा मोती जड.
आई, इथे नाक म्हणजे
रात्री अडीचला सुटणारी शिफ्ट,
साडेअकराला गेलेली शेवटची बस,
आणि चढ. कुठूनही कुठेही, चढ.

स्प्रिंग केली. बेअरिंग केलं.
चेनला म्हटलं, पगारापर्यंत धीर धर.

रविवारी रात्री एम बासष्टवर आले.
पश्चिमेची लेन आधी लागली, म्हणून पश्चिमेला.
उजवीकडून, डावीकडून ट्रक,
माळरानावर नुसता वारा,
आणि मध्येच जाणाऱ्या-येणाऱ्या रस्त्यांच्या बेचक्यात
एक शेतघर, वरच्या खिडकीत दिवा.
त्या घरात कोण झोपत असेल, आणि कसं?
सहा वर्षं या गावात आहे मी
आणि हे घर पहिल्यांदा बघत होते.
इंजिनाचा सूर चढाच राहिला.
जळक्या लोखंडासारखा वास आला, घाबरले, मग आठवलं,
तिनं सांगितलं होतं, येईल.

मिल्नरोची पाटी गेली. लँकेशायर.
बेव्हर्लीला सांगणार नाही.
हेवूडपाशी पाहिलं तर डॅशबोर्ड काळा होता.
पिवळा कधी विझला, कुणास ठाऊक.
अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता.
पुढचा फाटा आला, तो मी सोडला.
त्याच्या पुढचाही.

सोमवारी सव्वासहाला
सुपाऱ्या, तीन सेकंद.
कदाचित साडेतीन.
पगाराला अजून नऊ दिवस आहेत.