टिनातलं भोक

मानवतच्या जिनिंगमध्ये, हंगाम उरकल्यावर,
गठाणींच्या रिकाम्या गोदामात
हबीब मिस्त्रीनं मला दार लावायला सांगितलं.
पत्रा उन्हानं कडकडत होता.
"थांब. डोळ्याला अंधार ओळखू दे."

मग चुन्याच्या भिंतीवर
उलटा आला पाण्याचा टँकर:
चाकं वर, आभाळ खाली,
शेजारी घागरी घेऊन उलट्या बाया.
एक थेंब सांडत नव्हता.
मी वाकून मांड्यांमधून पाहिलं
तेव्हा कुठं गाव सरळ झालं.

पत्र्यात खिळ्याएवढं भोक. बस्.
"किरण सरळमार्गी, लेका.
वरचा खाली जातो, खालचा वर,
दारात गाठ पडते
पण कुणी कुणाला धक्का लावत नाही."
शिंप्याची टेप काढली त्यानं.
भोकापासून भिंत बारा फूट, टँकर साठ.
भिंतीवरचा टँकर एकोणीस इंच.
"पाचानं गुण. आठ फुटाला इंच कमी. जा, मोज."
मोजायला गेलो तर ड्रायव्हरनं हाकललं.

पेचकसानं भोक मोठं केलं:
उजेड भरपूर,
आणि एका घागरीच्या दहा घागरी, एकमेकींवर सांडलेल्या.
चांदीच्या कागदाला टाचणीनं टोचलं:
नेमकं, पण तिन्हीसांज.
त्याहून बारीक केलं तर परत धुरकट.
कामून? ते त्याला ठाऊक नव्हतं.
"उजेडालाबी लई अंग चोरावं लागलं की बिघडतो, असंल."

शेवटी मोडक्या एन्लार्जरचं भिंग लावलं.
तोंड मोठं, तरी एका घागरीचे सगळे किरण
परत एकाच जागी.
पण आता माझ्या हातातल्या कागदाला अंतराचा हट्ट:
बोटभर सरकला की गाव विरघळायचं.

आता वाळूजला मी स्क्रीनवर किरण आखतो.
ज्वारीच्या दोन दाण्यांच्या जाडीत सात भिंगं.
निळा आधी पोचतो, लाल मागून येतो,
कडेचे तर शेपूट काढून बसतात.
एकाला समजावलं की दुसरा फिरतो.
साहेब म्हणतात, अजून पातळ करा.

परवा जालन्याला मिस्त्रीचा मोतीबिंदू काढला.
पट्टी सुटायच्या आधीच त्यानं विचारलं,
"डॉक्टरसाहेब, आत भिंग किती नंबरचं बसवलं?"
"साडेएकवीस."
ओठ हलवत त्यानं हजाराला भागलं,
मग माझ्या दिशेनं, म्हणजे खांबाकडं, वळून म्हणाला,
"सेहेचाळीस. पन्नासच्या जवळ.
नॉर्मल लेन्स आहे रे."