भूल

रात्री सव्वा अकराला फोन :
'मॅडम, अपेंडिक्स आहे. फुटलंय बहुतेक.'
माझं दुकान डिकीतच असतं :
लॅरिंगोस्कोप, नळ्या, औषधांचा निळा डबा
आणि मुलाची चित्रकलेची वही,
सोमवारी शाळेत पोचवायची होती ती.

मी फिरती भूलतज्ज्ञ.
धनकवडी, हडपसर, चिंचवड, पुन्हा धनकवडी.
माझ्या नावाची पाटी कुठेच नाही,
पण या शहरातली एकवीस थिएटरं
मी डोळे मिटून ओळखीन
त्यांच्या एसीच्या घरघरीवरून.

खळदकरांचं हॉस्पिटल, बारा खाटांचं.
काउंटरची काच गेल्या मार्चात फोडली कुणी कुणी,
तिथे आता लोखंडी जाळी आहे,
आणि जाळीला बिल सरकवण्यापुरती फट.
फटीपलीकडून अश्लेषा सांगते,
कंपनीची मंजुरी अजून आली नाही,
त्यांनी विचारलंय,
पेशंटला अपेंडिक्स आधीपासून होतं का?
'हो,' खळदकर म्हणाले, हात धुताधुता,
'जन्मापासून.'
कुणी हसलं नाही.
अश्लेषानं टाइप केलं : नाही.

टेबलावर यशोदा कुदळे, वय चौपन्न,
मार्केट यार्डात लसूण निवडतात.
शीर सापडेना. उन्हानं, सालींनी
मनगट कसं जुन्या पिशवीच्या बंदासारखं झालेलं.
'काही खाल्लंय?'
'नाय.' मग थोड्या वेळानं,
'च्या. अर्धा कप. पोरानं पाजला.'
त्या अर्ध्या कपाला मी आता
नळी आत जाईपर्यंत घाबरणार.

'बाई, मी झोपल्यावर
तुमी जाग्या ऱ्हाल ना?'

काल पहाटेपासून जागीच आहे, म्हटलं नाही.
स्वारगेटच्या सिग्नलला डोळा लागला,
मागच्या रिक्षावाल्यानं शिवी देऊन उठवलं,
हेही नाही.
'राहीन,' म्हटलं.

आपल्या भाषेनं एकच शब्द ठेवलाय
झोपवण्याला आणि चुकण्याला.
मी तो वजनावर मोजून देते,
किलोमागे इतके मिलिग्रॅम.
घेणारा निघून जातो कुठेतरी,
देणारी बसून राहते
त्याच्या श्वासाच्या उंबऱ्यावर
राखणीला बसल्यासारखी.
ब्याण्णव. शहाण्णव. अठ्ठ्याण्णव.
आकडा उतरला की माझ्या पोटात उतरतो.

बाहेर मुलगा मोबाइल धरून उभा,
सगळं रेकॉर्ड करतोय.
चाकणला नोकरी, तिसरी पाळी सोडून आलेला.
पूर्वी मला राग यायचा.
आज दारातून पाहिलं, त्याचा हात थरथरत होता,
तेवढं त्याच्या चित्रणात येणार नाही.

पावणेतीन. नळी काढली,
यशोदाबाई खोकल्या, डोळे उघडले :
'कवा करनार?'
'झालं.'
त्यांचा विश्वास बसला नाही.
मुलगा खळदकरांच्या पाया पडला,
मला म्हणाला, 'सिस्टर, पाणी कधी द्यायचं?'
मी वेळ सांगितली.

जिन्यात खळदकर थांबले.
फायरच्या दाखल्याला दुसरा जिना मागताहेत.
'कुठून काढू? शेजारच्यांच्या स्वयंपाकघरातून?'
मोठ्या हॉस्पिटलवाल्यांची माणसं परत येऊन गेली म्हणे,
खाटांसकट घ्यायला तयार आहेत.
'मग देणार?'
ते चष्मा पुसत राहिले,
आधीच स्वच्छ होता तो.

सकाळी बिल होईल.
'भूल : सहा हजार', त्यावर कंपनीची रेघ,
चार महिन्यांनी तीन येतील.
आणि तळाला, छापून आलेलं,
चू. भू. द्या. घ्या.
भूल दिली.
दुसरीचं
रोज घरी पोचेपर्यंत काही सांगता येत नाही.

साडेचारला मार्केट यार्डावरून गाडी काढली.
ट्रक उतरत होते, गोण्यांवर गोण्या.
काच खाली केली, जागं राहायला,
आणि एकदम वास आला लसणाचा.
मला वाटलं बाहेरून येतोय.
काच लावली.
तरी येतच राहिला,
स्टिअरिंगवरून, माझ्या अंगठ्यावरून.