छपराचा उतार

विसरवाडी मागे पडली की रस्ता सागात शिरतो.
एसटीने सोडलं ते एका मोहाखाली,
हातात टेप, वही, आणि धुळ्याच्या कचेरीचा तीन पानी फॉर्म,
जुन्या इमारतींचा.
रकाना पहिला : वास्तूचे नाव.
पाटीवर चर्च, बायका म्हणतात प्रार्थनाघर,
कुंपणाशी बिडी ओढणारा म्हातारा म्हणाला, घंटी.

किल्ली हन्नाबाई गावितांच्या कमरेला.
त्या मोहाची फुलं वेचत होत्या.
म्हणाल्या, एवढी टोपली भरू द्या,
चर्च कुठं पळतंय.

माझी अहिराणी, त्यांची मावची.
मधे आम्ही मराठीचं स्टूल ठेवलं
आणि दोघंही त्यावर जरा अवघडून टेकलो.

भिंत दोन फुटी, नदीतला दगड, चुना.
खिडक्या सहा : चारीच्या काचा शाबूत,
पाचवीला पत्रा,
सहावीत पोपटाची पिल्लं.
बाक सागाचे, अठरा.
एकावर कर्कटकाने कोरलंय : नापास.
वेदीपाशी पिकाच्या सणातला एक भोपळा,
तीनदा लिलावात विकलेला.
घेणारा दर वेळी तो देवालाच परत देतो,
मग देव पुन्हा विकायला काढतो.

छपराशी मात्र मी अडलो.
एवढा उतार?
आमच्याकडे धाब्याची घरं, माथे सपाट,
वर मिरच्या वाळतात, उन्हाळ्यात माणसं झोपतात.
'साहेबाने नकाशा त्याच्या गावाहून आणलेला,'
हन्नाबाई म्हणाल्या,
'तिथं बर्फ पडतो. तो घसरून जावा म्हणून.'
आणि इथं?
'इथं माकडं घसरतात.'
उताराचे प्रयोजन, या रकान्यात मी माकडं लिहिलं.
मग खोडलं.

घंटेवरची अक्षरं गावात कोणाला लागत नाहीत.
रविवारी वाजते. बिबट्या उतरला तरी वाजते,
वणवा लागला तरी.
देवमोगरेला पायी जाणारे इथल्या हापशावर पाणी पितात
आणि निघताना दोरीला एक हिसका देतात.
चालतं?
'घंटीला काय कळतं, कोण ओढतंय.'

मागे थडगी तीन.
दोन लांब, एक आखूड.
आखूडावर : सिग्ने, अकरा महिने, ताप.
गावाच्या तोंडात ती शिगनी.
'आईलाच ताप, दूध आटलेलं.
माझ्या सासूच्या आईने पाजली हिला.
उजवीकडे सासू, डावीकडे ही.
सासू ब्याण्णवची होऊन गेली.
शेवटी माझंही नाव विसरली,
पण डावी कुठंय, डावी कुठंय, विचारायची.
मायबाप बोटीने परत गेले.
तेव्हापासून ही आमच्याकडंच.'

दगडावर बापाचं नाव, आईचं नाव, एक वचन,
आणि गावाचं नाव, चुकीचं कोरलेलं.
पाजणारीचं नाव काय होतं?
हन्नाबाई टोपलीतल्या फुलांतून काड्या वेचत राहिल्या.
'साहेब म्हणायचा आया. सासू म्हणायची याहा.
तिसरं काही कोणी सांगितलंच नाही.'

फॉर्मात थडग्यांना रकाना नाही.
'मोजा ना तिला पण,' त्या म्हणाल्या
आणि टेपचं एक टोक धरून स्वतःच खाली बसल्या.
दोन फूट सात इंच.

'बर्फ कसा असतो हो?'
मी पाहिलाय तो गोळेवाल्याचा,
भुशात, गोणपाटात गुंडाळलेला.
तेवढं सांगितलं.
'म्हणजे हिनेही नाही पाहिला,' त्या म्हणाल्या.

कुंपणापलीकडची सावर उकलली होती.
कापूस उडत येत होता,
छपरावर टेकत, उतारावरून सावकाश खाली,
थडग्यावर, माझ्या वहीवर.
मी काहीतरी बोलणार होतो,
तेवढ्यात हन्नाबाई ओच्यात तो गोळा करू लागल्या.
उशीला लागतो.

वळणावर एसटीचा हॉर्न.
त्या म्हणाल्या, रिकाम्या हाताने जाऊ नका,
भोपळा घ्या. बोला, कितीला?
मी म्हणालो, पन्नास.
'साठ,' त्या म्हणाल्या,
आणि आपल्याच बोलीवर हसत सुटल्या.