बिनशर्त

विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाचावर उतरला
की परभणीला डोल्करबाई आठवतात.
स्टेडियमच्या भिंतीला बांबू, बांबूला दोरी,
दोरीला स्वेटर.
गिऱ्हाईक विचारतं, अस्सल तिबेटचं आहे ना?
त्या म्हणतात, तिबेटची मी. स्वेटर लुधियानाचा.

माझं झेरॉक्सचं दुकान समोरच.
त्याआधी पंधरा वर्षं नौदलात, सोनारवर.
कानाला हेडफोन लावून पाणी ऐकायचं:
पंख्याला पाती किती, मिनिटाला फेरे किती,
जहाज कुणाचं.
अंदमानच्या पुढं एका रात्री त्यांची पाणबुडी ऐकली.
म्हैस रवंथ करते तसा आवाज.
साहेबांनी विचारलं, म्हणजे कसा?
साहेब केरळचे.
मी पातीच सांगितली. सात.

यंदा मुंडगोडहून बाईंचा भाचा आलाय,
जिग्मे ग्यात्सो.
ग्यात्सो म्हणजे रे?
समुद्र.
पाहिलास का कधी?
नाही अंकल, नुसता नावात आहे.

रात्री नऊला गिऱ्हाईक सरतं
आणि मावशी-भाच्याचं सुरू होतं.
भाषा कळत नाही, दोन शब्द ओळखतो.
ती म्हणते उमेलम. मधली वाट.
तो म्हणतो रांगझेन.
त्याचा अर्थ विचारावा लागला नाही.
शाळा आपली, भाषा आपली, मठ आपला,
फौज-बिज ठेवा म्हणावं तुमची तुम्हाला,
असं तिचं.
घर आपलं अन् किल्ली त्यांची?
असं त्याचं.
मग दोघं एकदम माझ्याकडं वळतात,
तुम बोलो कच्छवेभय्या, तुम फौजी थे.

जिग्मे मोबाइल पुढं करतो.
त्यात त्यांचं नवं विमानवाहू जहाज, सपाट,
आपल्या स्टेडियमएवढी दोन-तीन मैदानं मावतील.
मी भरती झालो तेव्हा त्यांच्याकडं एकही नव्हतं.
तो विचारतो, अमेरिका भारी पडेल ना?
तिकडं तैवानला पेटलं
तर आमच्या डोंगरावरची फौज खाली उतरेल ना?
पोरगं गंभीर होतं.
खोटं बोलता आलं असतं.
म्हणालो, आरमाराची भांडणं पाण्यावर सुरू होतात
आणि मिटतात टेबलावर.
तुझा डोंगर टेबलाखाली असतो बेटा,
कुणाचा तरी पाय लागला तर लागला.

डोल्करबाई स्वेटरच्या घड्या घालत होत्या.
म्हणाल्या, माझ्या वडलांच्या वेळी
सतरा कलमं लिहून झाली होती.
वाचायला सगळी छान.
मी म्हणालो, सतरा आमचीही आहे. सतरा सप्टेंबर.
फौज आली, निजाम गेला,
माझ्या आजोबानं गावात साखर वाटली.
त्या दिवसाला आम्ही मुक्ती म्हणतो.
त्या म्हणाल्या, आमच्याकडं फौज आली
त्यालाही ते मुक्तीच म्हणतात.
वडील मात्र त्या मुक्तीतून
रात्री खेचर घेऊन निघाले.

थोडा वेळ कुणी बोललं नाही.
नळाच्या खोदकामातली माती रस्त्यावर तशीच होती, दिवाळीपासूनची.

मग तुम्ही काय अटी घातल्या?
कुठं?
महाराष्ट्रात येताना.
काहीच नाही. आम्ही बिनशर्त आलो.

बाई हसायला लागल्या, थांबेचनात.
डोळे पुसत म्हणाल्या,
सतरा अटी घालून आम्ही इथं, स्टेडियमच्या भिंतीला.
एकही न घालता तुम्ही,
आणि त्यांनी खोदलेला रस्ता पाहिला,
पलीकडं टँकरची वाट बघणाऱ्या घागरी पाहिल्या,
तुम्हीपण इथंच.

त्यांच्या आरसीच्या दोन प्रती काढायच्या होत्या,
दरवर्षी काढतो. पैसे घेत नाही म्हटलं
की मोजे ठेवून जातात.
काच पुसली, कागद पालथा घातला.
उजेड त्यांच्या नावाखालून सरकत गेला.

जिग्मेनं विचारलं, समुद्राचा आवाज कसा असतो?
वर गाजतो, म्हणालो.
खाली गेलं की शांत.
तिथं सगळे इंजिनं बंद करून
एकमेकांना ऐकत बसतात.

तो ऐकत राहिला.
मावशीनं हाक मारली, गाठोडं उचल.
उद्या पारा चार होणार म्हणे.
त्या खुशीत होत्या.