टिचकी

गोरव्याच्या काचकारखान्यात
आईचं काम होतं बाटल्यांना टिचकी मारायचं.
पट्ट्यावरून औषधाच्या रिकाम्या बाटल्या येत,
मधल्या बोटाचं नख एकदा वाजे,
आणि डोळ्यांना न दिसणारी चीर
तिच्या कानांना दिसे.
एकतीस वर्षं. दिवसाला चार हजार.
हिशोब माझा.
ती म्हणे, मोजत बसले असते तर ऐकलं कधी असतं?

गाणं ती शिकली नाही. गायलीही नाही.
आरतीतसुद्धा ओठ मिटून टाळ धरायची.
विचारलं तर म्हणायची,
"गाणारे पुष्कळ आहेत रे, ऐकायला कुणीतरी नको का?"

बोनसच्या पैशांतून तिनं मिरजेहून तंबोरा मागवला
तेव्हा घरात पंखा नव्हता.
वडील दोन दिवस बोलले नाहीत.
तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भोपळा मात्र मोठा आहे."
पाळीवरून आली की हातपाय धुऊन
ती चारही तारा लावायची,
चहा उकळून आटेपर्यंत छेडत बसायची.
त्यावर कुणी गावं
अशी तिची अपेक्षाच नव्हती.

दांडिया बाजारात कुणाकडे बैठक असली
की ती दाराशी, चपलांच्या शेजारी बसे,
मी मांडीवर.
माझा डोळा मारव्यात लागे, उघडे थेट भैरवीत.
"समेवर मान हलव," ती कानात सांगे.
मी हलवी. दर वेळी एक मात्रा उशिरा.
एकदा तिनं माझ्या टाळूवर हळूच टिचकी मारली,
जरा वेळ ऐकलं,
आणि पदर ओढून माझं डोकं झाकलं.
काय ऐकू आलं, कधी सांगितलं नाही.
मी पुढे विमा कंपनीत लागलो.

सुनेला पहिल्याच सकाळी म्हणाली,
"तुझ्या डाव्या हातातली एक बांगडी तडकलीय."
तडकली होती.

नवरात्रात नऊ रात्री मैदानावरचे भोंगे.
शेजारच्या कोकिळाबेन ओरडत,
"मासी, बारी बंध करी दो!"
ही उलट दोन्ही झडपा उघडून बसे.
"ढोलवाल्याचा डावा हात दुखतोय आज," म्हणे,
"बिचाऱ्याला कुणी चहा तरी द्या."

विश्वामित्री घरात शिरली त्या वर्षी
तिला खुर्चीसकट गच्चीवर नेलं.
सोसायटीच्या पाटीपाशी मगर पडून होती,
पोरं तिचे फोटो काढत होती.
मी जिन्यातून बॅटरी मारली,
तर बैठकीच्या खोलीत तंबोरा तरंगत होता,
भोपळा बांधून विहिरीत सोडलेल्या पोरासारखा.
वर येऊन सांगितलं.
चौऱ्याऐंशी वर्षांची बाई खो खो हसली.
"तुझ्यापेक्षा बरा पोहतोय की!"

पाणी ओसरलं, तबली उकलली होती.
मिरजेला पाठवू म्हटलं,
तर म्हणाली, "राहू दे. माझंही एकेक उकलतंच आहे."

मग कान गेले.
दोन्ही कानांची यंत्रं तिनं मिसळणाच्या डब्यात ठेवली,
मोहरीच्या वाटीत.
"ह्यातून सगळे एकाच पट्टीत बोलतात."
मृण्मयी गिटार घेऊन बसली
की आजी तिच्या मागे जाऊन लाकडाला तळवा लावी,
डोळे मिटून.
"तिसरी उतरलीय."
नात हल्ली आधी आजीचा हात मागायची,
मग मोबाइलवरचं सूर जुळवायचं यंत्र.

शेवटच्या आठवड्यात
ती फारसं बोलत नव्हती.
उशाशी औषधाची बाटली.
दुपारी तिनं हात लांबवला,
मधलं बोट अंगठ्याआड रोवलं
आणि टिचकी मारली.
प्लास्टिक.
तिनं पुन्हा मारली.
मग माझ्याकडे वळली. आवाज बाटलीत नाही
की तिच्यात, हे तिला माझ्याकडून हवं होतं.

मी तिच्या तळव्यावर बोटानं लिहिलं:
वाजली. छान वाजली.

तिनं माझ्याकडे पाहिलं,
पट्ट्यावरची एखादी बाटली
बाजूला काढताना पाहत असेल
तसं.