परका वास

तीस वर्षं मी हा प्रदेश
तपकिरी खडूने फळ्यावर काढला.
डावीकडे काळा समुद्र, उजवीकडे कास्पियन,
मधे आडवा कॉकेशस, खडू झिजेपर्यंत.
मागल्या बाकावरून एकदा प्रश्न आला :
बाई, तिथे कोण राहतं?
मेंढपाळ, मी म्हणाले. लिहून घ्या,
दोन गुणांना येतं.

आता निवृत्त होऊन, गुडघ्याला पट्टा बांधून
त्या दोन गुणांकडे निघाले आहे.

झुगदिदीहून सुटलेल्या गाडीत अकरा माणसं,
एक दरवाजा (लाकडी, खराखुरा, कुणाच्या तरी नव्या घराचा)
आणि मी.
एंगुरी नदी खाली, इतकी खाली
की आवाज आधी येतो, पाणी मागून दिसतं.
पुलावर गायी बसलेल्या.
ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही.
इंजिन बंद केलं, सफरचंद काढलं,
चाकूने फोडी केल्या, एक मला.
गायी उठल्या त्यांच्या वेळेने.

गावात घरटी एक बुरूज.
चार-चार मजले, आणि तळाला दारच नाही.
शिडी वर ओढून घेतली की संपलं जग.
कुणाची भीती? मी विचारते.
बर्फाची, दारिको सांगते, आणि शेजाऱ्यांची.
बोटाने दाखवते : ते घर. पाच पिढ्यांपूर्वी.
सध्या दूध त्यांच्याकडूनच येतं.
बुरुजात आता बटाटे, मोडकी घसरगाडी,
आणि इटलीत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या लेकीचे
हिवाळी बूट, पुसून ठेवलेले.

दुपारी तिने माझ्यापुढे लाकडी खल ठेवला.
पाहुणी वगैरे काही नाही. कुट.
जाडं मीठ, लसूण, धणे, लाल मिरची,
वाळवलेला झेंडू.
झेंडू?
आम्ही दाराला बांधतो, मी म्हणाले, खात नाही.
नातीने, तेक्लेने, मोबाइलमधून ते तिकडे पोचवलं.
दारिको खूप वेळ हसली.
दाराला! म्हणजे दारच जेवतं तुमच्याकडे!

मग एका फडक्यातून तिने पिवळट पूड सोडली
आणि माझा हात खलातच थांबला.
मेथी.
अगदी आपली नव्हे, तिची डोंगरातली चुलतबहीण,
पण वास तोच : मेतकूट, गरम भात,
तापातून उठल्यावरची पहिली भूक.
याला काय म्हणता?
तेक्लेने शब्द शोधला, खोडला, पुन्हा शोधला.
परका वास, ती म्हणाली. नावच ते.
लांबून कुठून तरी आलेला.

मी नाकाशी चिमूट धरून उभी.
त्यांच्या घरात परकी ती पूड होती,
मी नव्हते, निदान तेवढा वेळ.

रात्री मुश्नी आणि त्याचे दोन भाऊ टेबलाशी गायले.
तीन आवाज शेजारी शेजारी,
एकही दुसऱ्यात विरघळेना.
अर्थ विचारला, तर मुश्नी म्हणाला,
आजोबांनाही ठाऊक नव्हता.
म्हणून तर कुणाची हिंमत होत नाही
एक अक्षर बदलायची.

निघताना दारिकोने विचारलं :
तुमच्याकडे डोंगर नाहीत?
आहेत.
मग?
तेक्ले फोन धरून थांबली. ड्रायव्हरही.
मी म्हणाले, वर्गात एक उत्तर चुकीचं दिलं होतं.
भाषांतर फारच लहान झालं, का कोण जाणे.
दारिकोने मान हलवली
आणि बरणीत आणखी एक मूठ मीठ दाबलं.

घरी डब्याला चिठ्ठी लावताना अडले.
मेथी लिहिलं, खोडलं.
मीठ लिहिलं. खोटं नव्हतं, पण पुरेना.
शेवटी कोराच ठेवला ओट्यावर, तिखटाच्या शेजारी.
काल दूध द्यायला आलेला मुलगा
झाकणाजवळ वाकून म्हणाला,
बाई, ओळखीचं काहीतरी आहे हे.
कुठलं?

मी सांगायला लागले,
आणि त्याचं दूध वाटायचं राहिलं होतं.